दोन टोकांचा जमाखर्च

पुणे-नाशिक हमरस्त्याने जाताना नारायणगावची हद्द कोठे संपली आणि वारूळवाडी कोठे लागली, हे परक्या प्रवाशास सहसा उमगत नाही, इतकी ही दोन गावे एकमेकांत मिसळून गेली आहेत. या जोडगावाचा लौकिक महाराष्ट्रात दोन कारणांनी आहे. चैत्रात गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी येथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि हंगामात येथील बाजारातून टोमॅटोच्या गाड्या दूरदूरच्या शहरांकडे रवाना होतात. तिसरे एक कारण आहे. त्याची वाच्यता मात्र त्या मानाने कमी होते. जवळच आर्वी येथे परदेशी दळणवळणासाठी देशातील पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र १९७१ साली सुरू झाले व पुढे विक्रम साराभाई यांचे नाव त्याला मिळाले. आणि पूर्वेस खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. अजस्र तबकडीस विद्युत मोटारीच्या बळाने आकाशातील नेमक्या बिंदूकडे वळविणे आणि तेथे खिळवून ठेवणे, ही विद्या या पंचक्रोशीत अर्धशतकाहून अधिक काळ नांदत आली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याच विद्येचे एक धाकटे, घरगुती रूप होय. थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या तारेने हव्या त्या आकारात कापणारे एक हौशी यंत्र, त्या तारेची दोन टोके हलविणाऱ्या चार स्टेपर मोटारी, आणि त्या चारही मोटारींना हुकूम देणारा, हाताने बांधलेला एक नियंत्रक बोर्ड, एवढाच त्याचा विस्तार आहे. वारूळवाडीतील एका अनुभवी फिटरच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी तो बोर्ड बांधला. सांगाडा, लीड स्क्रू आणि बेअरिंगे त्यांच्या हातची; बोर्डाचे रेखाटन आणि झाळकाम माझ्याकडे. या कामातून जे समजले, ते अशा उद्योगात रस असलेल्या, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या वाचकांपुढे सविस्तर मांडावे, एवढाच येथे हेतू आहे.

तार आणि फोम

ज्यास आपण सर्रास थर्माकोल म्हणतो, तो पदार्थ १९५० च्या सुमारास जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी सिद्ध केला. पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांना वाफेने फुगवून एकमेकांस चिकटविले की हा ठोकळा तयार होतो. त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग केवळ हवा असते, आणि म्हणून एका घनमीटरचे वजन पंधरा ते तीस किलोच्या आसपास भरते. करवतीने कापू गेल्यास मणी उखडून पडतात आणि पृष्ठभाग ओबडधोबड होतो. पॉलिस्टायरिन मात्र १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडू लागते. तेव्हा त्याहून बरीच तापलेली तार त्यातून संथपणे नेली, तर तारेच्या पुढचा फोम वितळून मागे सरतो आणि कापाची बाजू आरशासारखी नसली तरी हाताला गुळगुळीत लागेल अशी निघते.

ही तार बहुधा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, असते. आल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली तिचे पेटंट मिळविले. इस्त्री, शेगडी, गीझर या सर्वांच्या पोटात तिचेच वेटोळे असते. तिचा गुण असा की ती विजेला पुरेसा विरोध करते, तापल्यावर तो विरोध फारसा बदलत नाही, आणि लाल झाली तरी गंजत नाही. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेचा विरोध दर मीटरला पावणेनऊ ओहम येतो. आमच्या यंत्रातील तारेची लांबी ६० सेंटिमीटर. म्हणजे विरोध सव्वापाच ओहम, १२ व्होल्टवर प्रवाह सुमारे २.३ अँपिअर आणि उष्णता सुमारे २७ वॅट. तार लाल होऊ देऊ नये, हा पहिला नियम : काळी दिसणारी पण तापलेली तार उत्तम कापते, आणि अतितप्त तार फोम जाळून घातक धूर सोडते. म्हणून काम मोकळ्या हवेच्या जागी करावे, आणि तारेचा प्रवाह बोर्डावरील मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत क्षणाक्षणाला चालू-बंद करून हवा तितकाच ठेवावा. तापल्यावर तारेची लांबी सुमारे दोन मिलिमीटरने वाढते, ती झोळ देऊ नये म्हणून एका टोकास स्प्रिंगचा ताण द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. एके काळी अशा तारेचा सर्वांत मोठा उपयोग गणेशोत्सवातील मखरे कापण्यासाठी होत असे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीचे थर्माकोल आणि एकदा वापरून फेकण्याच्या थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर बंदी घातली, आणि ती योग्यच होती. नदीत टाकलेला तो पदार्थ कुजत नाही. आमचे यंत्र त्या कामासाठी नाही. विमानाच्या प्रतिकृतीचे पंख कापणे, फायबर-ग्लासच्या वस्तूंना गाभा देणे, आणि ओतकामासाठी फोमची प्रतिमा करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. ओतकामातील रीत मोठी सुंदर आहे : फोमची प्रतिमा वाळूत पुरतात, तीवर वितळलेला धातू ओततात, फोम वायुरूप होऊन निघून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. शेतीच्या अवजाराचा एखादाच दुर्मीळ सुटा भाग करावयाचा असेल, तर लाकडी पॅटर्न कोरण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

दोन माणसे आणि एक आकडा

पंख कापणे हे ठोकळा कापण्याइतके सोपे नाही, कारण बहुतेक विमानांचा पंख बुडाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असतो. ठोकळ्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या मापांचे आकार असतात, आणि तारेच्या एका टोकाने मोठा, तर दुसऱ्याने लहान आकार गिरवावयाचा असतो. दोन्ही टोके एकाच क्षणी निघाली पाहिजेत, एकाच क्षणी पोहोचली पाहिजेत, आणि मधल्या प्रत्येक क्षणी आपापल्या वाटेचा सारखाच हिस्सा त्यांनी तोडलेला असला पाहिजे. यात चूक झाली की पंखास पीळ पडतो, आणि पीळ पडलेला पंख उडताना एका अंगावर लोळतो.

यंत्र नव्हते तेव्हाही माणसे हे काम उत्तम करीत. अमेरिकेतील विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हेरीईझ या घरी बांधता येणाऱ्या विमानाने १९७५ साली प्रथम उड्डाण केले. त्याच्या पंखांचा गाभा फोमचा असून तो तप्त तारेनेच कापलेला असे. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस कडक पत्र्याचे वा फळीचे साचे ठोकीत, त्या साच्यांच्या कडेवर सारख्याच क्रमांकांच्या खुणा करीत, आणि दोन माणसे तारेची दोन टोके धरून उभी राहत. एकाने आकडा उच्चारावयाचा, आणि दोघांनी आपापल्या साच्यावरील त्या खुणेपाशी एकदम पोहोचावयाचे. मग पुढचा आकडा. मोठ्या साच्यावरील खुणा लांब लांब, लहान साच्यावरील जवळ जवळ. त्यामुळे एकाचा हात आपोआप जलद, दुसऱ्याचा संथ चाले. नियंत्रक बोर्डाचे सारे काम या आकडा पुकारणाऱ्या माणसाचे आहे. फरक एवढाच की बोर्ड तो आकडा सेकंदाला शेकडो वेळा पुकारतो.

पावलांची मोटार

पंख्याची वा पंपाची मोटार वीज मिळताच फिरत सुटते. किती फिरली, याचा हिशेब ती ठेवीत नाही. स्टेपर मोटारीचा स्वभाव निराळा. तिच्या फिरत्या भागावर ५० दाते असतात आणि स्थिर भागात दोन स्वतंत्र वेटोळी. वेटोळ्यांतील प्रवाहाची दिशा ठराविक क्रमाने बदलली, की दर बदलास फिरता भाग एका दात्याच्या चतुर्थांशाएवढा सरकतो आणि तेथेच घट्ट धरून राहतो. पन्नासाचा चौपट म्हणजे २००. अर्थात एका पूर्ण फेऱ्यात २०० पावले, आणि प्रत्येक पाऊल १.८ अंशाचे. आमच्या यंत्रात मोटारीला जोडलेला लीड स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवितो, म्हणून एक पाऊल ०.०४ मिलिमीटरचे होते.

दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह एकदम उलटा न करता क्रमाक्रमाने कमी-जास्त केला, तर फिरता भाग दोन पावलांच्या मध्येही थांबविता येतो. त्यास मायक्रोस्टेपिंग म्हणतात. पावलाचे सोळा भाग केले की फेऱ्यास ३२०० आणि मिलिमीटरला ४०० स्पंदे पडतात. या सूक्ष्म भागांवर अचूकतेचा फार भरवसा ठेवू नये. मोटारीवर भार आला की ते थोडे इकडेतिकडे होतात. त्यांचा खरा लाभ असा की मोटार थरथरत नाही, आणि तप्त तारेला थरथर वर्ज्य आहे. प्रत्येक हिसक्याची रेघ फोमवर उमटते.

बोर्डाची बांधणी

प्रत्येक मोटारीमागे दोनच हुकूम पुरे होतात : एक तार सांगते पाऊल टाक, दुसरी सांगते कोणत्या दिशेला. चार मोटारींच्या आठ तारा झाल्या. जुन्या संगणकांच्या पाठीमागे छपाईयंत्रासाठी जे पंचवीस पिनांचे पॅरलल पोर्ट असे, त्यातही माहितीच्या तारा नेमक्या आठच होत्या. हौशी कारागिरांनी कित्येक वर्षे त्याच पोर्टमधून चार मोटारी थेट हाकल्या. ते पोर्ट संगणकांवरून नाहीसे होऊ लागले, आणि इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनो या शिकाऊ बोर्डाने त्याची जागा घेतली. आम्ही त्यातील मेगा हा प्रकार घेतला, कारण चार अक्ष, तारेचे तापमान आणि सीमेवरचे स्विच यांना पुरून उरतील इतक्या पिना त्यावर आहेत. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत ही सर्व सामग्री मिळते.

आर्डुइनोची पिन काही मिलिअँपिअरच देऊ शकते आणि मोटारीला एक-दीड अँपिअर लागतो. मध्ये ड्रायव्हर हवा. आम्ही ए४९८८ या चिपचे चार ड्रायव्हर सॉकेटात बसविले, कारण जळलेला ड्रायव्हर उपटून नवा लावता आला पाहिजे. या चिपचे कर्तव्य समजून घेण्यासारखे आहे. मोटारीच्या वेटोळ्याला स्थिरावस्थेत पावणेतीन व्होल्ट पुरतात, तरी आपण त्याला १२ व्होल्ट जोडतो. असे का, तर वेटोळे प्रवाहाच्या बदलास अडवून धरते, आणि दाब जास्त असला म्हणजे प्रवाह त्यात लवकर शिरतो. मात्र ठरविलेली मर्यादा गाठताच ड्रायव्हर वीज तोडतो, प्रवाह उतरताच पुन्हा जोडतो, आणि ही तोडजोड सेकंदास हजारो वेळा चालू राहते. मर्यादा मुक्रर करण्यासाठी ड्रायव्हरवर एक बारीक स्क्रू असतो. तेथील व्होल्टता म्हणजे प्रवाह, ड्रायव्हरवरील छोट्या रेझिस्टरचा विरोध आणि आठ, या तिघांचा गुणाकार. रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल, तर एका अँपिअरसाठी मल्टीमीटरवर ०.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. बाजारातील सर्व ड्रायव्हरांवर हा रेझिस्टर सारखा नसतो, म्हणून भिंगाखाली त्यावरील आकडा वाचून मगच स्क्रूला हात लावावा.

तांब्याचा थर दिलेल्या पत्र्यावर, म्हणजे कॉपर क्लॅडवर, रेखाटन उतरविण्याची घरगुती रीत अनेकांस परिचित असेल : लेझर छपाईयंत्राने गुळगुळीत कागदावर काढलेली प्रत पत्र्यावर पालथी ठेवून वरून कडक इस्त्री दाबावयाची, म्हणजे काळी शाई तांब्याला चिकटते, मग फेरिक क्लोराईडच्या द्रावणात पत्रा हलवीत राहिले की उघडे तांबे विरघळून जाते आणि शाईखालच्या वाटा शिल्लक राहतात. थर साधारण ३५ मायक्रॉनचा असल्याने मोटारीच्या वाटा रुंद ठेवाव्या लागतात, हुकुमांच्या वाटा अरुंद चालतात. उरलेले द्रावण मोरीत वा ओढ्यात टाकू नये. त्यातील तांबे पिकाला आणि माशांना घातक असते.

बांधणीत दोन गोष्टींस तडजोड नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या अगदी निकट १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, कारण वीज तोडता-जोडताना दाबाचे जे उसळे येतात, ते त्याने पचवावयाचे असतात. आणि वीज चालू असताना मोटारीची तार कधीही उपटू नये. वेटोळ्यात साठलेली ऊर्जा वाट न सापडल्याने ड्रायव्हरवरच कोसळते. तारेचा प्रवाह तोडणारा मॉस्फेटही नीट पारखून घ्यावा. आयआरएलझेड४४एन हा आर्डुइनोच्या पाच व्होल्टांवर पुरता उघडतो. जवळजवळ त्याच नावाचा आयआरएफझेड४४एन मात्र तेवढ्यावर अर्धवट उघडून विनाकारण तापतो.

हिशेबाची रीत

आता मूळ प्रश्न. बुडाशी २५० मिलिमीटर रुंद आणि टोकाशी १५० मिलिमीटर रुंद असा पंख कापावयाचा आहे. मिलिमीटरला ४०० या दराने एका टोकास १,००,००० स्पंदे आणि दुसऱ्यास ६०,००० स्पंदे टाकावी लागतील. प्रमाण पाचास तीन. पहिल्या मोटारीच्या पाच पावलांत दुसरीने तीन टाकली पाहिजेत, तीही शक्य तितकी समान विखरून. भागाकार केला तर अपूर्णांक येतात, आणि आर्डुइनोसारख्या लहान प्रोसेसरला अपूर्णांकांचा भागाकार फार महाग पडतो.

हा प्रश्न १९६२ साली आयबीएम कंपनीत जॅक ब्रेसनहॅम यांच्यापुढे निराळ्या रूपात आला होता : कागदावर रेखाटन करणाऱ्या यंत्राच्या लेखणीकडून तिरकी रेघ कशी काढून घ्यावी. त्यांनी शोधलेली आणि १९६५ साली प्रसिद्ध केलेली रीत केवळ बेरीज-वजाबाकीवर चालते, आणि ती हुबेहूब खतावणीसारखी आहे. दुसऱ्या मोटारीच्या नावे एक खाते उघडावयाचे. पहिल्या मोटारीने पाऊल टाकले की त्या खात्यात तीन जमा करावयाचे. शिल्लक पाच वा अधिक झाली की दुसरीने एक पाऊल टाकावयाचे आणि खात्यातून पाच वजा करावयाचे. वाचकांनी कागद घेऊन करून पाहावे. पहिल्या पावलास शिल्लक तीन, पाऊल नाही. दुसऱ्यास सहा, पाऊल पडले, शिल्लक एक. तिसऱ्यास चार, पाऊल नाही. चौथ्यास सात, पाऊल पडले, शिल्लक दोन. पाचव्यास पाच, पाऊल पडले, शिल्लक शून्य. पाचांत तीन पावले पडली आणि खाते चुकते झाले. एक लाख स्पंदांनंतरही त्यात कवडीची तफावत राहत नाही, कारण कोठेही काही पूर्णांकित करून टाकलेले नाही.

आडव्या-उभ्या दोन्ही दिशा धरून चार मोटारींची अशी खाती एकाच वेळी चालतात. तार सेकंदाला चार मिलिमीटर सरकावी, तर सर्वांत वेगवान मोटारीस सेकंदाला १६०० स्पंदे लागतात. आर्डुइनोच्या घड्याळाचे सेकंदास एक कोटी साठ लाख ठोके पडतात. म्हणजे दोन स्पंदांच्या मध्ये त्याच्याजवळ दहा हजार ठोक्यांची सवड असते. सिमेन स्वाले स्कोग्सरूद यांनी २००९ साली आरंभिलेले जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर याच रीतीवर उभे आहे, आणि फोम कापण्यासाठी त्यास चार अक्षांची जोड देणारे अवतार उपलब्ध आहेत. आम्ही तयार सॉफ्टवेअर बोर्डात घातले, तथापि त्याआधी वरील हिशेब पाटीवर मांडून पाहिला. तो समजल्यावाचून पुढे यंत्र का अडले, हे ओळखता येत नाही.

हिशेब बिनचूक असूनही फोम आपली एक अडचण उभी करतोच. लहान आकाराकडील टोक संथ चालते, म्हणून तेथे तार फोमपाशी अधिक वेळ रेंगाळते आणि अधिक फोम वितळविते. बुडाशी कापाची रुंदी एक असते, तर टोकाशी तीहून जास्त. १९२२ साली व्हर्जिनियस क्लार्क यांनी आखलेला क्लार्क-वाय हा पंखाचा छेद आम्ही निवडला, कारण त्याची खालची बाजू बरीचशी सपाट असल्याने मेजावर ठेवून मापता येते. प्रथम कापाच्या पट्ट्या वेगवेगळ्या वेगांनी कापून व्हर्निअरने मोजाव्या, आणि त्या फरकाइतका आकार दोन्ही बाजूंस निरनिराळ्या मापाने फुगवून मगच बोर्डाकडे सुपूर्द करावा.

फिटरचा प्रश्न

यंत्र चालू झाल्यावर आमचे फिटर बराच वेळ लीड स्क्रूकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "सर, बोर्ड म्हणतो शंभर पावलं टाकली. पण मोटार मधीच अडली, तर ह्याला कळायचं कसं?"

हा प्रश्न या साऱ्या विद्येचा गाभा आहे, आणि त्याचे प्रांजळ उत्तर असे की बोर्डाला कळत नाही. तो हुकूम सोडतो. हुकमाची तामिली झाली की नाही, याची खबर त्याच्याकडे परत येत नाही. खोडदच्या तबकडीची व्यवस्था याच्या उलट आहे. तिच्या अक्षांवर कोन मोजणारे एन्कोडर बसविलेले असतात. तबकडी प्रत्यक्षात कोठे आहे, हे ते सतत कळवीत राहतात, आणि हुकूम व हकीकत यांत जे अंतर पडेल, ते मोटार भरून काढते. वाऱ्याचा झोत आला, तर तो पचवून पुन्हा जागेवर यावयाची तजवीज तेथे आहे. अशी तजवीज खर्चिक असते, आणि फोम तारेला जवळजवळ विरोधच करीत नसल्याने येथे तिच्यावाचून भागते. परंतु भागते ते काही अटींवर. वेग एकदम न वाढविता चढत्या क्रमाने वाढवावयाचा. मोटारीच्या ताकदीचा निम्माच भाग गृहीत धरावयाचा. आणि तार फोम वितळण्याआधीच त्यास ढकलू लागेल इतका वेग कधी ठेवावयाचा नाही.

वीजपुरवठ्याचाही विचार करावा लागतो. वीज क्षणभर जरी गेली, तरी बोर्डाची स्मृती पुसली जाते, आणि तारेची दोन्ही टोके कोठे आहेत, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक अक्षाच्या एका अंतास लिमिट स्विच लावलेला असतो. काम सुरू करताना प्रत्येक मोटारीने प्रथम तेथे जाऊन हजेरी द्यावयाची, आणि तेथूनच शून्याची गणना सुरू करावयाची. मधूनच थांबलेला काप पुढे चालू करण्याचा मोह टाळावा. शेतीपंपांच्या पाळ्यांबरोबर जेथे दाबही वरखाली होतो, तेथे यंत्रास बॅटरीचा आधार द्यावा.

फिटरांनी यावर स्वतःची एक सोय काढली. प्रत्येक लीड स्क्रूच्या टोकाशी त्यांनी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आणि मागच्या पट्टीवर तशीच दुसरी. काप संपून तार मूळ जागी आली की दोन्ही रेघा जुळल्या पाहिजेत. न जुळल्यास पावले हुकली, आणि तो पंख बाद. एन्कोडरचे तत्त्व त्यांनी डोळ्यांच्या आधाराने यंत्रात आणले, असेच म्हटले पाहिजे.

शेजारधर्म

वारूळवाडीत असा बोर्ड बांधणाऱ्यावर एक जबाबदारी येते, ती इतरत्र क्वचितच येते. जीएमआरटीसाठी हा प्रदेश निवडण्यामागे एक मोठे कारण हे होते की मनुष्यनिर्मित रेडिओ गोंगाट येथे कमी होता. दूरच्या आकाशगंगांतून येणारी हायड्रोजनची लहर इतकी क्षीण असते, की एखादी ठिणगी टाकणारी मोटार किंवा सदोष वीजजोडही तीवर मात करू शकतो. आमच्या ड्रायव्हरांची हजारो वेळा होणारी तोडजोड, मॉस्फेटचे स्पंदन आणि वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमधील तशीच तोडजोड, ही सारी अशाच गोंगाटाची उगमस्थाने आहेत. प्रत्येक तीक्ष्ण तोडीतून मूळ वारंवारतेच्या कितीतरी पट उंच लहरी बाहेर पडतात, आणि मोटारीच्या लांब तारा त्यांना अँटेना म्हणून उपयोगी पडतात.

त्याचा बंदोबस्त कठीण नाही. मोटारीच्या प्रत्येक वेटोळ्याच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून न्याव्या, त्यांवर फेराइटचे कडे चढवावे, बोर्ड पत्र्याच्या बंद पेटीत ठेवावा आणि पेटी अर्थिंगला जोडावी. एसएमपीएस गाळणीसह घ्यावा. या उपायांचा लाभ प्रथम आपणासच होतो : लिमिट स्विचच्या तारेत मोटारीचा गोंगाट शिरून यंत्र विनाकारण मध्येच थांबण्याचा त्रास बंद पडतो. शेजाऱ्याला ऐकू येणे आणि आपले यंत्र नीट चालणे, या दोन्ही गोष्टी एकाच पेटीने साधतात. दर वर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांची मुले लोटतात. त्या मुलांना तबकडीइतकेच हे शांततेचे शास्त्रही दाखवावयास हवे.

पाबळचा धडा

तयार नियंत्रक बोर्ड बाजारात स्वस्त मिळतो, मग तो हाताने का बांधावयाचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शिरूर तालुक्यातील पाबळला जावे लागेल. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. खेड्यातील मुलाने हाताने काम करावे, त्या कामातून गावाच्या खऱ्या गरजा भागवाव्या, आणि विज्ञान त्या ओघात शिकावे, हे त्यांचे सूत्र होते. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार अंगांनी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम रचला आणि तो माध्यमिक शाळांत नेला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरची ती पहिली. जगातील प्रगत यंत्रशाळेची पहिली शाखा महानगरात न निघता आमच्या शेजारच्या तालुक्यात निघाली, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. दुधाची परीक्षा आणि डिझेल इंजिनाची जुळणी यांसारखे गावचे प्रश्न तेथे इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने हाताळले गेले.

पाबळचा धडा माझ्या समजुतीप्रमाणे असा : ज्याने यंत्र बांधले, त्याला त्याच्या भरवशाची सीमा ठाऊक असते. विकतचा बोर्ड आपण मानतो. बांधलेला बोर्ड आपण जाणतो. तो पावले मोजतो पण पाहत नाही. विजेबरोबर त्याची स्मृती जाते. त्याच्या एका रेझिस्टरवर मोटारीचे आयुष्य अवलंबून असते. हे ज्ञान विक्रीच्या पेटीत येत नाही, आणि यंत्र ऐन हंगामात बंद पडले की नेमके त्याचीच गरज लागते. ठिबक सिंचनाचा नियंत्रक, शीतगृहाचा तापमापक, टोमॅटोच्या प्रतवारीचे यंत्र, अशी उपकरणे आता या भागातील शेतीत शिरली आहेत वा शिरतील. आणि ती जर केवळ दूरच्या तंत्रज्ञाच्या भेटीवर विसंबून राहिली, तर त्यांचा मालक शेतकरी असूनही त्यांवरील सत्ता दुसऱ्याची राहील.

म्हणून माझी सूचना अशी आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ज्या शाळा-महाविद्यालयांत कार्यशाळा आहे, त्यांनी दर वर्षी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडून असा एक बोर्ड बांधून घ्यावा. आरंभ चार मोटारींनी करू नये. एक मोटार, एक ड्रायव्हर, एक स्क्रू आणि मल्टीमीटर घ्यावा, ०.८ व्होल्टचा हिशेब मुलांनी स्वतः मांडावा. पाचास तीनची खतावणी आधी वहीत लिहावी, मग दुसरी मोटार जोडून तीच पावले प्रत्यक्ष पडताना मोजावी. नंतर तार, नंतर फोम, आणि सर्वांत शेवटी पंख. शिक्षकाने एकदा मोटारीचा दांडा हाताने अडवावा आणि बोर्डाला ते कळले का, हे मुलांना विचारावे. त्या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होईल, तीत नियंत्रणशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम येऊन जाईल. आणि खोडदच्या तबकडीकडे रोज पाहणाऱ्या त्या मुलांपैकी काहींना ती तबकडी स्वतः चालविण्याची उमेद त्यातूनच मिळेल, असा मला विश्वास वाटतो.